चिरलेला, सोललेला, भिजवलेला… हे सगळं केलं कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीतल्या झटपट रेसिपीजचा मी जुना गिऱ्हाईक आहे, कात्रणं काढून फ्रिजच्या दाराला चुंबकाने अडकवणाऱ्यांपैकी. घरात आम्ही दोघंही नोकरी करतो, त्यात बायकोची शिफ्ट बदलत असते, दोन मुलं, शिवाय माझी आई, आणि संध्याकाळी सात ते साडेआठच्या मधे सगळ्यांना एकदमच भूक लागते. आठवड्यातले चार दिवस रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. त्यामुळे ‘फक्त १५ मिनिटांत’ असं मोठ्या अक्षरात दिसलं की माझा हात आपोआप कात्रीकडे जातो. हे पत्र तक्रारीचंच आहे, पण ती तक्रार शेवटी माझ्यावरच कशी उलटली तेही सांगतो, नाहीतर अर्धवट लिहिल्यासारखं होईल.

तर काही महिन्यांपूर्वी मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून तुमची एक १५ मिनिटांची रेसिपी केली. छोले, बटाटा, वाटाणे, टोमॅटो आणि भात, सगळं एका भांड्यात, फोटो तर असा की ताट उचलावंसं वाटेल. लागली ५८ मिनिटं!! आणि त्यात छोले मी डब्यातले घेतले होते, भिजवायच्या भानगडीत पडलोच नव्हतो. मला वाटलं आपलाच हात हळू आहे. म्हणून जेवणं झाल्यावर कात्रण परत नीट वाचलं आणि गंमत लक्षात आली. साहित्याची यादी बघा: बारीक चिरलेला कांदा २ वाट्या, सोललेले वाटाणे १ वाटी, उकडून सोललेले बटाटे ३, भिजवून शिजवलेले छोले २ वाट्या, धुऊन निथळलेला तांदूळ. शाळेत व्याकरणाच्या तासाला धातुसाधित विशेषण शिकवायचे ना, चिरणे वरून चिरलेला, सोलणे वरून सोललेला, तेव्हा हे पुढे आयुष्यात कुठे लागणार असं वाटायचं. तर ते इथे लागतं. रेसिपीतलं सगळं काम त्या विशेषणांमधे लपवलेलं असतं, आणि १५ मिनिटं मोजायला सुरुवात होते ती विशेषणं संपल्यावर, म्हणजे कोणीतरी आधीच सगळं ओट्यावर वाट्यांमधे मांडून ठेवलंय आणि तुम्ही फक्त येऊन गॅस पेटवायचा!

आता कांदा. याबद्दल मला खरंच मनापासून बोलायचंय. ‘कांदा ५ मिनिटं सोनेरी तपकिरी होईपर्यंत परतावा’ हे वाक्य मी आजवर किती ठिकाणी वाचलंय आणि ते एकदाही खरं झालेलं नाहीये. तीन मध्यम कांदे, मध्यम आच, घड्याळ समोर ठेवून केलं. ५ मिनिटांत कांदा फक्त पारदर्शक होतो, कडेला पिवळसर व्हायलाच १२-१५ मिनिटं लागली, आणि जो खरा खमंग गडद रंग फोटोत दिसतो तो यायला ४० मिनिटं. कारण साधं आहे. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी, ते पाणी आहे तोवर कढईतलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून बसतं, आणि रंग धरायची क्रिया नीट जोर धरते ती १४० अंशांच्या पुढे. म्हणजे आधी पाणी जाणार मग रंग येणार, याला काही इलाज नाही. आच मोठी केली की कडा जळतात आणि आतून कच्चा राहतो, मग तो कडवट वास घरभर. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर रंग लवकर येतो हे खरंय पण कांदा अगदी लगदा होतो आणि चिमटीचा अंदाज चुकला तर साबणासारखी चव येते (अनुभव आहे, मुलांनी त्या दिवशी पाव आणि जॅम खाल्लं). तर ज्याला ४० मिनिटं लागतात त्याला ४० लिहा ना. आम्ही काय पेपर बंद करणार आहोत का?

कुकरचंही तसंच. ‘कुकरला १० मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. प्रेशर कुकर ही भारी वस्तू आहे याबद्दल वादच नाही, १६७९ मधे डेनिस पापाँ नावाच्या माणसाने हाडं मऊ करायला ते भांडं बनवलं आणि तत्त्व आजही तेच आहे, वाफ कोंडली की आतलं पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांपर्यंत जातं आणि डाळी-कडधान्यं कितीतरी लवकर शिजतात. पण ती १० मिनिटं कधीपासून? प्रेशर धरल्यापासून. त्याच्याआधी गार पाणी तापून प्रेशर येईपर्यंत ८-१० मिनिटं, आणि नंतर आपोआप प्रेशर उतरेपर्यंत आणखी १०-१५. मी घाईघाईने झाकण ओढायला जाणारा माणूस होतो, आता नाही, त्याची गोष्ट सांगत बसत नाही, फक्त छताला अजून डाग आहे एवढंच.

हे सगळं पाहिल्यावर मी एक वही केली. साधी दोनशे पानी. त्यात प्रत्येक पदार्थापुढे दोन आकडे लिहायचे: हाताचा वेळ आणि गॅसचा वेळ. हाताचा वेळ म्हणजे मी तिथे उभा राहून काहीतरी करतोय तो, चिरणं, ढवळणं, धुणं सगळं. गॅसचा वेळ म्हणजे पदार्थ आपला आपण शिजतोय आणि मी मुलाचं गणित बघतोय किंवा नुसता बसलोय. दोन महिने लिहिल्यावर जे दिसलं त्याने माझं डोकंच फिरलं. ‘झटपट’ नावाचे बहुतेक पदार्थ हे पूर्ण हाताच्या वेळेचे आहेत, १५-२० मिनिटं कढईसमोरून हलायचं नाही. आणि एक तास लागणारे कितीतरी पदार्थ हाताच्या ८-१० मिनिटांत होतात. कामावरून दमून आलेल्या माणसाला तासाभराचा दुसरा पदार्थ सोपा पडतो, पण तो बिचारा झटपटच्या सदरात कधी येणारच नाही कारण तुम्ही एकूण वेळ मोजता.

उदाहरण देतो. मसूर डाळ, सालं काढलेली केशरी असते ती, १ वाटी. ती भिजवावी लागत नाही कारण दाणा पातळ आणि फुटलेला. ४ वाट्या पाणी, एक गाजर किसून, एक कांदा जाडसर चिरून, चार लसणाच्या पाकळ्या चेचून, सगळं गारच पातेल्यात घालायचं, परतत बसायचं नाही. उकळी आली की वर फेस येतो तो डावाने काढायचा, आच कमी करायची, झाकण तिरकं ठेवायचं आणि निघून जायचं. २० मिनिटांत डाळ मोडते. मग दोन टोमॅटो चिरून, मीठ, मिरपूड, आणि आणखी ५ मिनिटं. टोमॅटो शेवटीच घालायचा बरं का, आधी घातला तर आंबटपणामुळे डाळ आणि भाज्या लवकर मऊ होत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी वर्षभर डाळीला शिव्या देत होतो. वरून थोडं लोणी किंवा तेल, सोबत पाव किंवा भात. वहीत लिहिलंय: हात ९, गॅस २८ (उकळी यायचा वेळ धरून).

दुसरं म्हणजे अंडी टोमॅटोत. आधीचा कांदा-टोमॅटोचा मसाला तयार असेल (त्याचं पुढे सांगतो) तर तो पसरट कढईत गरम करायचा, थोडं पाणी घालून सैल करायचा, चमच्याने चार-पाच खळगे करायचे आणि प्रत्येकात एक अंडं फोडून झाकण घालायचं. ६ ते ८ मिनिटांत पांढरं घट्ट होतं, पिवळं कोणाला कसं हवं त्याप्रमाणे आधी-नंतर काढायचं. हे आमच्या घरी इतकं चालतं की मुलगा आता खळगे स्वतः करतो आणि त्यावरून बहिणीशी भांडतो की माझा खळगा मोठा. हात ५, गॅस १२. पण ‘मसाला तयार असेल तर’, हे माझंही विशेषणच झालं बघा, म्हणून तेही खरं खरं लिहितो. रविवारी १० कांदे आणि दीड किलो टोमॅटो, चिरायला ३५ मिनिटं, गॅसवर सव्वा तास अधूनमधून ढवळत. गार करून जाड पिशव्यांमधे चपटं भरायचं, पाटीसारखं, आणि फ्रीझरमधे आडवं ठेवायचं. डब्यात गोळा करून ठेवलं तर वितळायला अर्धा दिवस जातो, चपटं असलं की कोमट पाण्यात १० मिनिटांत सुटतं किंवा सरळ मोडून कढईत टाकता येतं. यातून पाच वेळचं होतं. म्हणजे दर वेळच्या जेवणात ७ मिनिटं हाताची आणखी धरायला हवीत, आणि मी वहीत ती धरतो.

चपट्या पिशवीचं जे आहे तेच चिरण्याचंही आहे. अख्खा मध्यम बटाटा उकडायला २५-३० मिनिटं, दोन सेंटिमीटरच्या फोडी १० मिनिटांत होतात. उष्णता बाहेरून आत जाते तिला जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो. त्यामुळे ‘बटाटे उकडून, सोलून, फोडी करून’ या क्रमालाच माझा आक्षेप आहे, आधी फोडी करून उकडा की, सालासकट, भरडच तर करायचेत नंतर. आणि झाकण!! उघड्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्याच्यासमोर उभं राहणारी माणसं मला अजून दिसतात, आमच्याच घरात दिसतात.

आता एक गंभीर गोष्ट, कारण घाईच्या नादात काही ठिकाणी वेळ वाचवायचाच नसतो आणि हे झटपट रेसिपीत लिहिलेलं क्वचितच दिसतं. राजमा. लाल राजम्यात एक नैसर्गिक विषारी द्रव्य असतं, कच्चे ४-५ दाणे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. तो किमान ५ तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात खळखळून उकळायचा. पूर्ण उकळीत १० मिनिटांत ते द्रव्य निकामी होतं, अमेरिकेचं अन्न आणि औषध खातं खबरदारी म्हणून ३० मिनिटं सांगतं. पण हल्ली जी मंद आचेवर दिवसभर शिजवायची विजेची भांडी निघालीत त्यात कच्चा राजमा थेट टाकून कामाला जाणं धोक्याचं आहे कारण त्यात कधीकधी तापमान उकळीपर्यंत पोचतच नाही, आणि असा अर्धवट तापलेला राजमा कच्च्याहून जास्त त्रास देऊ शकतो. आधी गॅसवर उकळी, मग त्या भांड्यात, एवढं जमवायलाच हवं.

तसाच उरलेला भात. जास्तीचा भात करून ठेवणं ही वेळ वाचवायची सगळ्यात सोपी युक्ती, मीही करतो, दुसऱ्या दिवशी अंडं आणि भाज्या घालून परतला की १० मिनिटांत जेवण. पण भातातले एका जातीचे जिवाणू शिजवूनही बीजरूपात टिकतात, आणि भात तासन् तास ओट्यावर राहिला की वाढून असं विष तयार करतात की नंतर कितीही गरम केलं तरी ते जात नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्रिज ५ अंशांच्या खाली असू दे, आणि परत गरम करताना वाफा निघेपर्यंत तापवा. मोठ्या पातेल्यात भात लवकर गार होत नाही, म्हणून मी तो परातीत पसरतो, अर्ध्या तासात फ्रिजमधे जातो, आणि दुसऱ्याच दिवशी संपवतो. आई याला अजून हसते.

आणि आता ती उलटलेली तक्रार. त्या ५८ मिनिटांनंतर महिन्याभराने मी एका संध्याकाळी जेवण वाढलं, वाटाणा-गाजर-अंड्याचा भात आणि कोबीची कोशिंबीर, आणि स्टॉपवॉच दाखवून सगळ्यांना ऐकवलं की २० मिनिटं, बघा, पेपरवाल्यांना नाही जमलं ते मला जमलं. बायको शांतपणे म्हणाली वाटाणे कोणी सोलले? आईंनी, दुपारी टीव्ही बघताना. गाजर किसलं मुलीने, ती ११ वर्षांची आहे आणि किसणी तिच्याच ताब्यात असते. कोबी बायकोने सकाळी निघताना चिरून डब्यात ठेवला होता. आई म्हणाली, "तुझ्या वीस मिनिटांत माझी पंचवीस आहेत रे." आणि बायकोने वर एकच म्हण टाकली, आयत्या बिळावर नागोबा. मी जे तुमच्याबद्दल चारचौघांत बोलत होतो तेच मी घरात करत होतो, विशेषणं दुसऱ्यांकडून करून घेऊन वेळ आपल्या नावावर.

तेव्हापासून वहीत तिसरा रकाना आहे, कोणाचा हात. त्यात ‘आई २५’, ‘ताई ६’ (ताई म्हणजे आमची मुलगी) असं लिहितो आणि गंमत म्हणजे ते लिहायला लागल्यापासून कामाची वाटणी भांडण न होता बदलली. वाटाण्यांचा आकडा बघून मीच बाजारातून गोठवलेले वाटाणे आणायला लागलो. आई आधी जरा रागावली, तिला दुपारचं ते काम आवडतं म्हणे, मग आता आठवड्यातून एकदाच सोलायचे असं ठरलं.

थोडं विषयांतर होतंय पण हे सांगतोच. आज ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याची सुरुवात १९२६ च्या फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघरापासून झाली असं मानतात. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी ते आखलं, जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर, बाईची पावलं आणि मिनिटं वाचावीत म्हणून कारखान्यातल्यासारखा सगळा हिशोब करून, तांदूळ-साखर-पिठाला सरळ ओतता येतील असे धातूचे खण. तिथल्या नव्या वसाहतींमधे अशी सुमारे १०,००० बसवली. कल्पना हुशार होती यात शंका नाही, पण त्यात उभं राहायला जागा एकाच माणसाला. पावलं वाचली आणि दुसऱ्याला आत यायची वाटही बंद झाली. आणि त्या बाईंनीच पुढे सांगितलंय की ते आखेपर्यंत त्यांनी स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता! आमचं स्वयंपाकघरही लहानच आहे, म्हणून चिरणं-सोलणं-किसणं आता सगळं बाहेरच्या जेवणाच्या टेबलावर होतं, जुनं वर्तमानपत्र पसरून (तुमचंच असतं, झटपटचं पान कापलेलं). तिथे चार माणसं मावतात. वेळ यानेच सगळ्यात जास्त वाचला, कुठल्याही रेसिपीने नाही.

तर संपादक महाराज, विनंती एवढीच की पुढच्या वेळी रेसिपी छापताना एक आकडा नको, तीन द्या. हाताचा वेळ किती, गॅसचा किती, घासायला भांडी किती. आदल्या रात्री काही भिजत घालायचं असेल तर ते सगळ्यात वर आणि जाड अक्षरात, कारण संध्याकाळी सात वाजता तिसऱ्या ओळीत ‘रात्रभर भिजवलेले’ वाचणाऱ्या माणसाचा चेहरा तुम्ही पाहिलेला नाही. साहित्याच्या यादीत ‘चिरलेला कांदा’ न लिहिता ‘कांदा ३’ लिहा आणि चिरायचं काम कृतीत घ्या, वेळेसकट. आणि जमलं तर छापायच्या आधी ऑफिसमधल्या कोणा नवख्या पोराला किंवा पोरीला घरी करायला सांगा, तयार वाट्या न मांडता, बंद स्वयंपाकघरापासून ते ओटा पुसून होईपर्यंत. जो आकडा येईल तो छापा, ४५ आला तर ४५. मला ४५ मिनिटांचा पदार्थ चालतो, फक्त आधी कळू दे, म्हणजे मी त्या हिशोबाने मुलांना आधी काहीतरी खायला देऊन बसवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक (नाव छापू नये, ऑफिसात वहीबद्दल आधीच बरीच चेष्टा झालेली आहे)

ता. क. हे पत्र लिहायला १ तास १० मिनिटं लागली. मधे मुलीने उद्याचा राजमा निवडून, धुऊन भिजत घातला, तो वेळ त्यात धरलेला नाही. वहीत धरलाय, ताई ७.